साडूंचा अंगठा

मधुमेहाची खरी पंचाईत ही, की तो दुखत नाही. दाढ ठणकते, कंबर धरते, मूळव्याध तर बसल्या जागी आपली ओळख करून देते. साखर २२० झालेला माणूस मात्र टवटवीत दिसतो, जिने चढतो, भाचीच्या हळदीत नाचतो आणि घरी येऊन गाढ झोपतो. शरीर काही बोलतच नाही म्हटल्यावर घाबरायचं कशाच्या जोरावर? भीती बाहेरून आणावी लागते. आपल्याकडे ती पुरवायचं काम नातेवाइकांनी अंगावर घेतलं आहे आणि त्यात त्यांनी आजवर हयगय केलेली नाही.

ठिकाण बहुधा लग्नाचं असतं. बुफेच्या रांगेत पुढचा माणूस मागे वळतो, ताटली छातीशी धरतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "शुगर निघाली म्हणे?" आपण हो म्हणतो. "किती?" आपण आकडा सांगतो. त्यावर तो नुसतं "हं" करतो. आकडा मोठा असेल तर या 'हं'मध्ये काळजी असते, लहान असेल तर थोडी निराशा. मग तो म्हणतो, "आमच्या साडूंचं असंच झालं."

साडूंची गोष्ट अंगठ्यापासून सुरू होते. नवी चप्पल चावली, एवढासा फोड आला, दुखला नाही म्हणून कुणी बघितलाच नाही. "आधी अंगठा काढला. मग इथपर्यंत. मग इथपर्यंत." सांगणारा मोकळ्या हाताने स्वतःच्याच पायावर पातळी दाखवत वर सरकतो. तो गुडघ्यापाशी पोचतो तोवर रांगही सरकलेली असते. "गरम आहेत ना? दोन घाला," असं जिलबीवाल्याला सांगून तो पुन्हा साडूंच्या मांडीकडे वळतो.

अशा गोष्टी ऐकून ऐकून मला त्यांची पद्धत कळली आहे. अवयव नात्यागोत्यांत वाटून दिलेले असतात. पाय साडूंचा. डोळे मावससासऱ्यांचे. किडनी ऑफिसातल्या एका माणसाची, आणि "रात्री वरणभात जेवून झोपला तो सकाळी उठलाच नाही" हा कायम खालच्या मजल्यावरचा. रक्ताच्या नात्यातलं कुणी या गोष्टींत शिरत नाही. सख्खा काका किंवा मोठा भाऊ आला, की ऐकणारा लगेच विचारणार, "म्हणजे तुमच्या घराण्यातच आहे का?" साडू त्या बाबतीत सोयीचे. त्यांच्याशी आपला संबंध बायकोमार्फत, तोही तिच्या बहिणीमार्फत. त्यांचा अख्खा पाय गेला तरी आनुवंशिकता आपल्यापर्यंत पोचत नाही.

नातेवाइकांकडून काही राहून गेलंच, तर ते दवाखान्यातला तक्ता पूर्ण करतो. कातडी काढलेला एक माणूस दोन्ही हात किंचित पसरून उभा असतो, चेहऱ्यावर तक्रार कसलीही नाही, आणि चहूबाजूंनी त्याच्या अंगावर बाण आलेले असतात. मेंदू, डोळे, हिरड्या, हृदय, मूत्रपिंड, नसा, पाऊल. नंबर यायला उशीर असतो, तेवढ्या वेळात मी सगळे बाण तपासले आहेत. नाक तेवढं सुटलं होतं. २०२१ साली म्युकरमायकोसिस आला, त्यात मधुमेहींचाच भरणा मोठा निघाला, आणि नाक सुटलं असंही म्हणवेना. तक्त्याच्या तळाशी औषध कंपनीचं नाव आणि एक हसरी गोळी.

एक बाण मात्र मी कुठल्याच तक्त्यावर पाहिलेला नाही. रक्तवाहिन्या आणि नसा शरीरात सगळीकडे असतात, त्यामुळे पुरुषांच्या बाबतीत मधुमेह आणखी एका ठिकाणी पोचतो. साडूंची ती गोष्ट लग्नात कुणी सांगत नाही. डॉक्टर विचारतात तेही बायको बिल भरायला बाहेर गेल्यावर, आणि "बाकी सगळं ठीक?" एवढ्याच शब्दांत. पेशंट म्हणतो, "बाकी ठीक." मग दोघंही पंख्याकडे बघतात. खरं म्हणजे यावर औषधं आहेत, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या पुढे कुरकुरणार असतील तर त्याची आगाऊ वर्दी कधीकधी इथूनच मिळते. जिथे तोंड उघडून उपयोग आहे तिथे आम्ही मर्यादाशील.

हे सगळं डोक्यात घेऊन माणूस घरी येतो आणि मग त्याला स्वतःचं शरीर ऐकू यायला लागतं. सत्यनारायणाला तासभर मांडी घालून बसलं की पायाला मुंग्या येतात. यजमानांना येतात, गुरुजींना येतात, शेजारच्या कॉलेजातल्या मुलालाही येतात. बाकीचे पाय झटकून प्रसादाकडे वळतात. मधुमेही एकटा भिंतीला धरून उभा राहतो आणि मनाशी म्हणतो, "नसा गेल्या." चष्म्यावर बोटाचा डाग पडला की डोळ्याचा पडदा गेला. लघवीला फेस दिसला की किडनी गेली. सकाळीच कुणीतरी संडास घासायचं औषध ओतून ठेवलंय ही माहिती दुपारी मिळते. याउलट खांदा आखडतो, हात वर जात नाही, सदरा घालायला दुसरं माणूस लागतं, तेव्हा हाच गृहस्थ "वात आहे" म्हणत तिळाचं तेल चोळत बसतो. खांदा आखडणं मधुमेहींमध्ये खरोखरच जास्त आढळतं. पण तक्त्यावर खांद्याला बाण नव्हता.

डोळ्यांची तर वेगळीच गंमत. आमच्या ओळखीच्या एकांना शुगर निघाली, गोळ्या सुरू झाल्या, साखर भराभर उतरली आणि आठवड्यात वर्तमानपत्र धूसर झालं. "गेले डोळे," म्हणत त्यांनी मृत्युपत्राचा विषय काढला आणि जोडीला नवा चष्माही केला. रक्तातली साखर एकदम बदलली की डोळ्यातलं भिंग फुगतं-ओसरतं, नंबर काही आठवडे हलतो आणि मग ठिकाणावर येतो. त्यांचाही आला. आता तो महागडा चष्मा आणि ते मृत्युपत्र एकाच कप्प्यात पडून आहेत.

सगळेच घाबरतात असंही नाही. आमच्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमध्ये निर्भय माणसं आहेत आणि त्यांचे दोन पंथ आहेत. पहिला 'बॉर्डरवर' असणाऱ्यांचा. "मला शुगर नाही, मी बॉर्डरवर आहे." तीन महिन्यांची ॲव्हरेज म्हणजे एचबीए-वन-सी ५.७ ते ६.४ च्या दरम्यान असेल तर ही बॉर्डर खरी. साडेसहाच्या पुढे ती ओलांडलेली असते. आमचे एक काका ७.८ वरसुद्धा बॉर्डरवरच आहेत आणि बँकेतून रिटायर झाले तरी या ड्यूटीवरून हलायला तयार नाहीत. इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली आले. देशात मधुमेही १०.१ कोटी, आणि बॉर्डरवरचे १३.६ कोटी. सीमेवर एवढी फौज जगात कुणाचीच नाही. राज्यांमध्ये पहिला नंबर गोव्याचा, २६.४ टक्के. हा आकडा मी मडगावच्या मावसभावाला कळवला. तो म्हणाला, "म्हणजे चौघं जेवायला बसलो की एक आपला असतोच. बरं वाटतं."

दुसरा पंथ सडपातळांचा. हे लोक जाड माणसाकडे बघून स्वतःची तब्येत ठरवतात. "मला कशी होईल शुगर? माझ्या अंगावर आहे काय?" या प्रश्नाचं उत्तर पुण्यातच तयार झालं आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतली बाळं जन्मापासून मोजली. बाळ वजनाला कमी, हातापायाच्या काड्या, पण चरबी मात्र शाबूत ठेवलेली. त्यांचा स्वतःचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के. हा फोटो मी ग्रुपवर टाकला. सडपातळ मंडळींनी दोन दिवस 'सुप्रभात'सुद्धा पाठवलं नाही.

घाबरणाऱ्यांच्या भीतीला वेळापत्रक असतं. ती साधारण तीन महिन्यांनी, रक्त द्यायच्या आधीच्या आठवड्यात येते. त्या आठवड्यात घराला कारल्याचा वास असतो. रात्री मेथ्या भिजत पडतात, जांभळाच्या बियांची पूड निघते, आणि प्रदर्शनातून आणलेला विजयसाराच्या लाकडाचा पेला माळ्यावरून खाली येतो. त्यात रात्रभर ठेवलेलं पाणी सकाळी तांबूस होतं आणि पिणाऱ्याला काहीतरी होतंय असं वाटतं. पण ही ॲव्हरेजची तपासणी म्हणजे वाण्याची वही. साखर रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटते ती चिकटते, आणि तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तेवढे दिवस ती नोंद पुसता येत नाही. गणपतीतले मोदक, पितृपक्षातली खीर, कोजागरीचं दूध, सगळं तारीखवार. निम्मा भार शेवटच्या महिन्याचा असतो हे खरं, त्यामुळे आठवडाभराच्या कारल्याने शेवटचं पान जरा बरं दिसतं, इतकंच. आदल्या रात्री उपाशी झोपून फास्टिंग ११० आणणारे आणि पेढे वाटायला निघालेले लोक दुपारी ८.६ चा कागद हातात आला की लॅबवाल्याकडे बघतात.

या झाडपाल्यात निम्मं बळ गोळ्यांच्या भीतीचं असतं. "गोळ्यांनी किडनी जाते" हे वाक्य इतक्या लोकांनी इतक्या खात्रीने सांगितलंय, की किडनी वाचवायची म्हणून गोळी बंद करणारे मी पाहिले आहेत. किडनीचं नुकसान करते ती वाढलेली साखर आणि वाढलेला रक्तदाब. गोळीचा डोस किडनीचा रिपोर्ट बघून डॉक्टर कमीजास्त करतात. आणि ज्या मेटफॉर्मिनला 'केमिकल' म्हणून नाकं मुरडतात, त्याचं मूळ शोधत गेलं तर युरोपातल्या एका रानटी झुडपापाशी पोचतं. १९५७ साली पॅरिसच्या जाँ स्टेर्न यांनी ते मधुमेहावर वापरून दाखवलं. झुडूप आपल्याकडचं असतं आणि गोळीऐवजी पुडीतून मिळालं असतं, तर लोकांनी ते अनशेपोटी, पूर्वेकडे तोंड करून घेतलं असतं.

साखर एकदम उतरण्याची भीती मात्र मला प्रामाणिक वाटते, कारण ती तिथल्या तिथे घाम फोडते. हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. तीन चमचे साखर खायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं. म्हणून ग्रुपमध्ये प्रत्येकाच्या खिशात लिमलेटच्या गोळ्या असतात. इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांना ही खबरदारी घ्यावीच लागते. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्याची साखर सहसा इतकी उतरत नाही, पण गुलाबजामच्या टेबलापाशी आल्यावर काहींची उतरते. "जरा लो वाटतंय," असं ते बायकोला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणतात.

आणि इन्सुलिन! "ते आता इन्सुलिनवर गेले" हे वाक्य ज्या सुरात म्हणतात, त्या सुरात मराठीत आणखी एकच वाक्य म्हणतात, त्यात 'देवाघरी' हा शब्द असतो. इतिहास नेमका उलट आहे. जानेवारी १९२२ मध्ये टोरंटोला लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इन्सुलिन टोचलं. तोवर अशा मुलांना जवळपास उपाशी ठेवून थोडे दिवस लांबवणं एवढाच उपचार होता. पोरगा वाचला आणि पुढे १३ वर्षं जगला. वसीम अक्रमला १९९७ साली ऐन तिशीत मधुमेह निघाला. इन्सुलिन टोचत तो २००३ च्या विश्वचषकापर्यंत चेंडू टाकत होता, आणि सेंच्युरियनला सचिनने काढलेल्या ९८ धावा सोडल्या तर त्याच्या मधुमेहाचा आपल्याला काही फायदा झाल्याचं आठवत नाही. तरी आमच्याकडे आक्षेप एकच: "एकदा घेतलं की सवय लागते." हे सांगणाऱ्याच्या हातात दिवसातला चौथा चहा असतो.

इन्सुलिन शोधणाऱ्या फ्रेडरिक बँटिंगचा वाढदिवस १४ नोव्हेंबर, म्हणून तो जागतिक मधुमेह दिन. आपल्याकडे त्याच दिवशी बालदिन. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी आजोबांची बोटं टोचतात आणि संध्याकाळी त्याच टेबलावरून नातवंडांना चॉकलेटं वाटतात. मधे टेबल पुसतात.

साडूंच्या गोष्टी खोट्या नसतात, हे सांगायला हवं. पाय गेलेत, डोळे गेलेत, डायलिसिसच्या खुर्च्या आजही रिकाम्या नाहीत. पण त्या गोष्टी कुठल्या काळातल्या आहेत, हे सांगणारा सांगत नाही. माझ्या आजोबांकडे साखर मोजायला एक परीक्षानळी होती. बेनेडिक्टचं निळं द्रावण पाच मिली, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर उत्तम. मग हिरवं, पिवळं, नारिंगी आणि शेवटी विटकरी. आजी हा प्रयोग स्वयंपाकघराच्या आसपास होऊ द्यायची नाही, तो मोरीत चालायचा. निळा रंग दिसला की आजोबा श्रीखंड मागायचे. पण रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरतच नाही, त्यामुळे नळी निळी आणि रक्त गोड असा कारभार खुशाल चालायचा. काचेची सिरिंज रोज पातेल्यात उकळायची, सुई झिजली की दगडावर घासायची. पायाकडे बघायला कुणी सांगितलं नव्हतं. ते साडू बरेचसे या काळातले.

नंतर लोकांनी नीट मोजून पाहिलं. अमेरिका आणि कॅनडात १४४१ टाइप वन पेशंटांवर १९८३ ते १९९३ अशी दहा वर्षं चाचणी चालली. ज्यांची साखर काटेकोर सांभाळली, त्यांच्यात डोळ्याचा पडदा बिघडायला लागण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. आमच्यासारख्या टाइप टूवाल्यांसाठी ब्रिटनने १९७७ पासून ५१०२ माणसं घेतली आणि १९९८ साली निकाल लावला. तीन महिन्यांची ॲव्हरेज ७.९ ऐवजी ७ एवढीच खाली, तरी डोळे-किडनीसारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भानगडी २५ टक्क्यांनी कमी. ज्यांचा रक्तदाबही आटोक्यात ठेवला त्यांना आणखी फायदा. पुढच्या दहा वर्षांत दोन्ही गटांची साखर सारखीच होऊन गेली, पण सुरुवातीला सांभाळणाऱ्यांचा फायदा टिकून राहिला. ५१०२ माणसं! इतके साडू कुणालाच नसतात.

पण हे लग्नात सांगून बघा. ज्याला काही झालं नाही त्याची गोष्टच होत नाही. मी एकदा बुफेच्या रांगेत सांगायला सुरुवात केली, "आमच्या सांगलीच्या आत्याला कित्येक वर्षं शुगर आहे." रांग थांबली, चारपाच माणसं कान देऊन उभी राहिली. "मग?" "मग काही नाही. बरी आहे." लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. एकजण माझी समजूत घालत म्हणाला, "अजून नाही झालं," आणि रांग पुढे गेली.

आत्या आता खूप म्हातारी आहे आणि तिचं सगळं जागच्या जागी आहे. मी तिला एकदा खोदून विचारलं, की तू करतेस तरी काय. हे उत्तर कुणी छापणार नाही इतकं नीरस आहे. ती ज्वारीची भाकरी खाते, पथ्य म्हणून नव्हे, जन्मभर तीच खाल्ली म्हणून. मोदक गणपतीत दोन. तिसऱ्याला हात घातला तर सून काही बोलत नाही, नुसती बघते. गोळी सकाळी देवाला फुलं वाहिली की. भाजी आणायला चालत जाते आणि भाजीवालीशी भांडून चालत येते. घरातही पायात काळी एमसीआरची चप्पल, तिला रूप म्हणून काही नाही. देवघराच्या उंबऱ्याशी तेवढी काढते. नखं सरळ कापते, कोपरे कोरत नाही. थंडीत पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी घेत नाही, कारण पायाला चटका कळला नाही तर पंचाईत. देवळात उन्हाची जात नाही, फरशी तापलेली असते. "देव सकाळीपण असतोय की तिथं." आणि रात्री झोपण्याआधी जमिनीवर आरसा ठेवून दोन्ही तळवे बघते. "तोंड बघायचं वय गेलं," म्हणते, "आता तळपाय बघते."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते की. जानेवारीत."

"जानेवारीत का?"

"संक्रांत झाली की डोळ्यात थेंब घालायला जाते. पायाला तार लावून बघतात. लघवीची बाटली न्यायची असते. त्या आठवड्यात घाबरते पोटभर. मग काय, वर्षभर कुणी सांगितलंय घाबरत बसायला? कामं असतात."

"पण संक्रांतीनंतरच का?"

"तिळगूळ खाऊन झालेला असतोय."

मला ही व्यवस्था आवडली. यंदा मीही भीतीला एक आठवडा नेमून दिला आणि ती आपली वेळेवर हजर झाली. पहिल्या दिवशी बाटली. लॅबवाले देतात तेवढीशी प्लॅस्टिकची डबी, पण ती नेताना माणसाची जी लगबग होते ती बघण्यासारखी असते. आधी वर्तमानपत्रात, मग कॅरीबॅगेत, मग साडीच्या दुकानाच्या पिशवीत. रिक्षावाला विचारतो, "काका, मांडीवर कशाला? खाली ठेवा की." ही तपासणी बाकी मोठी गुणी. रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं ते किडनीचं बरंच काम बिघडल्यावर. लघवीतून अल्ब्युमिन झिरपायला लागतं ते त्याच्या कितीतरी आधी. तीसच्या आत आकडा आला की घरी यायचं.

दुसऱ्या दिवशी डोळे. थेंब घातले की बाहुली मोठी होते आणि तास-दोन तास बाकावर बसून राहावं लागतं. त्या बाकावरची शांतता दवाखान्यात इतरत्र कुठेच मिळत नाही, कारण एकालाही मोबाइल वाचता येत नाही. शेजारच्या काकूंनी फोन माझ्याकडे दिला, "जरा बघा हो, मुलाचा आहे का?" मी पण थेंबवाला. आम्ही दोघांनी तो फोन तिसऱ्याकडे दिला, तोही थेंबवाला. शेवटी शिपायाने उचलला. डोळ्याच्या पडद्यावर बारीक गळती सुरू झाली तरी नजर पुष्कळ दिवस शाबूत असते, म्हणून दिसतंय चांगलं तरी आत डोकावून बघायचं असतं. वेळेत कळलं तर लेझर आहे, डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पडदा स्वच्छ आहे." बाहेर आलो तर रस्ता पांढराफटक. बायकोने हाताला धरून रिक्षात बसवलं. ओळखीच्या एकांनी ते लांबून पाहिलं असणार, कारण संध्याकाळपर्यंत माझे डोळे गेल्याची बातमी बदलापूरपर्यंत पोचली होती.

तिसऱ्या दिवशी पाय. माझा नंबर यायचा होता आणि पडद्यापलीकडे एक आजोबा होते. डॉक्टरांच्या हातात नायलॉनची ती तार असते, दहा ग्रॅम दाबाला वाकणारी. डोळे मिटून पडायचं आणि स्पर्श कळला की 'हो' म्हणायचं.

"हो," आजोबा म्हणाले. "हो. हो. हो."

"आजोबा, अजून लावली नाहीये मी."

"तरी कळतंय मला."

"अहो, खरं सांगा," आजीचा आवाज आला. "इथे पास करून घेऊन काय करणार आहात?"

मग कंप पावणारा चिमटा त्यांच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला असावा, कारण बराच वेळ कुणी बोललं नाही, आणि डॉक्टर म्हणाले, "हां, आता थांबला तेव्हा बरोबर सांगितलंत." आजी म्हणाल्या, "बघा, जमतंय की." माझे पाय त्यानंतर दोन मिनिटांत उरकले. कोरडी भेग होती, तिला मलम. चप्पल मऊ घ्या. बोटांच्या बेचक्या पुसत चला.

चौथ्या दिवशी सकाळी ग्रुपवाले बाकाशी वाट बघत होते.

"काय निघालं?" बॉर्डरवरच्या काकांनी विचारलं.

"काही नाही."

"डोळे?"

"स्वच्छ."

"किडनी?"

"ठीक आहे."

"पाय तरी?"

"एक भेग आहे. मलम दिलंय."

काका जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. "लॅब कुठली?"

मी सांगितली.

"ती बदला," ते म्हणाले. "आमच्या गल्लीत एक आहे. तिथे निघतंच काहीतरी."